दोन डिस्कांची वाटणी

आमच्याकडे वाटणी म्हणजे अगदी सारखी वाटणी. बाबा गेल्यावर काशीगावच्या घरात काका मधोमध बसले आणि पातेल्यांपासून पाटांपर्यंत सगळं माझ्या दोन भावांत निम्मं-निम्मं केलं. वाटणीत मुलींना कुणी विचारत नाही. मी आत चहा करत होते. शेवटी बाबांचा कॉम्प्युटर उरला. काकांनी तो उघडायला लावला आणि आत दोन हार्ड डिस्क निघाल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "दोन हायत, येकेक घ्या. भांडान नको," म्हणाले. एक थोरल्याला, एक धाकट्याला, आणि रिकामा डबा माळ्यावर.

आत असलेल्या मला वाटत राहिलं, अख्खा कॉम्प्युटर थोरल्याकडे आहे.

आई धवलारीण होती. आमच्या लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गायचा मान तिचा. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या बायका तीच उचलायच्या. ती गेल्यावर बाबांनी तिच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या टाकून दिल्या. मी ऑफिसात सर्व्हर सांभाळते, म्हणून लिनक्स त्यांना मीच शिकवलं, पण शिष्य उत्साही निघाला. दोन डिस्क जोडून त्यांनी एकच मोठा साठा केला, तोही असा की प्रत्येक फाइलचे तुकडे आलटून-पालटून दोन्हींवर पडतील. त्याने वेग वाढतो म्हणे. गाणी ऐकायला कसला डोंबलाचा वेग लागतो? दुसरी प्रत काढून ठेवा, असं सांगून मी थकले. "दोन डिस्कांवर आहे की," असं ते म्हणायचे.

यंदा थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला आजीचेच धवले हवेत, असा भाचीचा हट्ट होता. भाऊ सिल्व्हर पार्कला माझ्या घरी आला आणि त्याने पिशवीतून एकच डिस्क काढली. मी विचारलं, दुसरी कुठाय? तेव्हा मला ती वाटणी कळली.

डिस्क लावली. मशीनने ती लगेच ओळखली, नाव दिलं, आकार दाखवला. पण साठा उघडेना. जोडीचं डिव्हाइस सापडत नाही, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत होतं. मी धाकट्याला फोन लावला. त्याचा हाटकेशला गाळा आहे. त्याने आपली डिस्क तिथल्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये टाकली होती.

"ताई, त्यान कायच न्हवता गं," तो म्हणाला. "रिकामीच दिसली. रेकॉर्डरने फॉरमॅट मागितलं, मी हो केलं."

खोटं नव्हतं ते. अर्धी जोडी परक्या मशीनला रिकामीच दिसते. आईच्या आवाजावर आता त्याच्या गाळ्याचं शटर आणि बाहेरची मोकाट कुत्री दिवसरात्र लिहिली जात होती. संतापाने मी फोन ठेवून दिला. वाटणीच्या वेळी मला एकदा हाक मारली असती, तर चहाचं आधण तसंच टाकून मी बाहेर आले असते आणि एका वाक्यात सांगितलं असतं, की या दोन वेगळ्या करू नका. पण हाक मारायची रीत नाही.

दुसऱ्या डिस्कशिवायही साठा जबरदस्तीने उघडता येतो. मी तो उघडला आणि जे हाती लागेल ते वेचत बसले. काही सेकंद आई, मग काही नाही. बहुतेक तुकड्यांत नुसता खोकला नाहीतर बांगड्या होत्या. बरा असा एकच निघाला. आई ओळ सुरू करते आणि निम्म्यावर थांबते.

मी नको म्हणत होते. थोरला म्हणाला, असेल तेवढं लाव.

हळदीला डीजेवाल्याने आपली गाणी थांबवून तो तुकडा लावला. आईचा आवाज मांडवात आला तशा म्हाताऱ्या बायका पदर सावरून बसल्या. ओळ तुटली. हळदीचे हात तसेच धरून त्या ओळ पुरी व्हायची वाट बघत राहिल्या, मागून म्हणायला. पुढचे शब्द कुणालाच येत नव्हते, मलाही नाही.

"मॅडम, आगे का?" डीजेवाल्याने विचारलं.

काका पुढच्याच खुर्चीत बसले होते. धाकटा मांडवाच्या खांबाशी उभा होता.

"इतनाही है," मी म्हटलं.