आईच्या मिठाची पुडी

स्पर्धा बिनविस्तवाच्या पदार्थांची होती आणि पहिलं बक्षीस होतं गॅसची शेगडी. यातला विनोद मला तेव्हा कळला नाही, कारण मला ती शेगडी हवी होती. मुरबाडच्या एका महिला मंडळानं मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये ही स्पर्धा ठेवली होती. हातानं लिहिलेला कागद धसईच्या एसटी थांब्यावर चिकटवला होता. मी भेंडी घेऊन बाजाराला आले होते. डोक्यावरची पाटी न उतरवताच मी तो दोनदा वाचला. विस्तव न वापरता ताजा, पौष्टिक पदार्थ तिथंच बसून करून दाखवायचा होता. पण मला दिसत होते ते एवढेच शब्द, दोन बर्नरची शेगडी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारावी होऊन घरी बसले होते. म्हणजे बसले कसली, ओढ्याकाठच्या आमच्या भाजीच्या तुकड्यात राबत होते. आमच्या घरात तेव्हा गॅसचा बाटला होता, पण शेगडी नव्हती. कल्याणला कंपनीत असलेल्या माझ्या दादानं कुणाच्या तरी हातापाया पडून दिवाळीत एक भरलेला बाटला घरी आणला होता. शेगडी पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. पुढच्या खेपेला घराची कौलं बदलायची निघाली, त्याच्या पुढच्या खेपेला बैल आजारी पडला. शेगडीचा नंबर काही लागेना. बाटला कोपऱ्यात उभाच राहिला आणि आई त्याच्यावर ओलं फडकं वाळत घालू लागली. बाबा म्हणायचे, "चूल काय मेली नाय अजून."

चूल मेली नव्हती, पण आई खोकत होती. पावसाळ्यात तर ओल्या लाकडांनी तिचे डोळे दिवसभर लाल असायचे. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, धूर बंद करा. तिनं मान डोलावली, घरी आली आणि संध्याकाळी फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. त्यातला राग दाखवणं मला जास्त सोपं जायचं.

आईचं गावात एका गोष्टीसाठी नाव होतं, ते म्हणजे मीठ. लग्नघरी आमटीचं मोठं पातेलं चढलं की मीठ घालायला आईला बोलावणं यायचं. ती पातेल्याकडे बघायची, वाफ नाकाशी घ्यायची आणि मूठ उघडायची. चाखायची नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं एकदा आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला होता. देवाला जायच्या आधी उष्टं केलंस म्हणत तिच्या सासूनं ती सगळी आमटी म्हशीपुढे ओतली. त्या दिवसापासून आईनं जीभ बंद ठेवली आणि डोळे, नाक, बोटं तयार केली. देवापुढे पान गेल्याशिवाय आमच्या घरात कुणी काही चाखत नसे. मीसुद्धा नाही. आणि आईच्या मिठाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं.

स्पर्धेत कोशिंबिरी तर सगळ्याच करणार, तेव्हा आपण काहीतरी वेगळं करायचं, असं मी ठरवलं. एका जुन्या मासिकात सॅलडचं रंगीत चित्र होतं. काकडी, टोमॅटो आणि वर पिवळे चौकोनी तुकडे. खाली लिहिलं होतं, चीज. दादाला निरोप धाडला, त्यानं कल्याणहून एक गोल डबा आणला. आम्ही तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला.

"दुधाचंच ना?" आईनं विचारलं.

"दुधाचंच," दादा म्हणाला. त्यानं तरी कुठे खाल्लं होतं.

"मंग अळणी असणार."

दही अळणी, लोणी अळणी, खरवस गोड. मीठ घातलेलं दूध आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. दुधात मीठ पडलं तर ते नासतं, एवढंच आम्हाला ठाऊक. डबा एकच असल्यामुळे तो आधी उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. आईनं काकड्या, टोमॅटो, कांदे एकेक करून हातात जोखले, डबा तळहातावर तोलला आणि वहीच्या कागदात मीठ बांधून दिलं. "सगळं घाल," ती म्हणाली. "पन वाढायच्या टायमाला घाल. आधी घातलंस तर पानी सुटतं."

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी मुरबाडला गेले. पाटीत आमच्याच तुकड्यातल्या काकड्या होत्या, कैरी होती, ओल्या फडक्यात मोड आलेले मूग होते आणि गोणपाटात गुंडाळलेली विळी होती. डबा फोडायला शेजारच्या बाईनं सुरी दिली. चीज विळीला चिकटत होतं. मी पात्याला पाणी लावलं, तसे तुकडे सुटे पडू लागले. काकडी बारीक चोचवली, टोमॅटोच्या बिया काढल्या, कैरी किसली. आजूबाजूच्या बाया चमच्यानं आपापला पदार्थ चाखून बघत होत्या. मला ते बघून कसंसंच झालं. परीक्षक बाई दोन टेबलं अलीकडे आल्या, तेव्हा मी पुडी उघडली आणि सगळं मीठ घातलं.

परीक्षक ठाण्याहून आलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि पाणी मागितलं. मग हळूच म्हणाल्या, "रंग छान जमलाय." रंगाचंच कौतुक झालं की बाकीचं समजून घ्यायचं असतं. शेगडी खजुराच्या वड्यांना गेली. मी वाडगा घेऊन बाहेर झाडाखाली बसले आणि खाऊन बघितलं. जीभ सोलून निघावी इतकं खारट. मग उरलेलं चीज नुसतंच तोंडात टाकलं आणि कळलं की त्याच्यात त्याचं मीठ आधीपासूनच होतं.

घरी आले तेव्हा आई गोठ्यात म्हशीला वैरण घालत होती. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "तुझ्या मिठानं शेगडी घालवली." आणि उरलेली कोशिंबीर तिच्या समोर म्हशीच्या पुढ्यात ओतली. म्हशीनं ती मिटक्या मारत खाल्ली. आईनं वाडगा माझ्या हातातून घेतला आणि विसळायला गेली. मी काय केलं ते त्यानंतर माझ्या लक्षात आलं. आजी जाऊन किती वर्षं झाली होती, आणि मी तिचीच जागा घेऊन उभी होते. माफी मागायला हवी होती. मागितली नाही, आमच्या घरात कुणी मागत नसे.

दोनच आठवड्यांनी वाडीतल्या एका लग्नाचं बोलावणं आलं, मीठ घालायला चला म्हणून. आई चुलीपुढूनच म्हणाली, "दुसरी कोन बघा. माझा अंदाज गेला आता." मी माजघरात तांदूळ निवडत होते. ते ऐकलं आणि ठरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. आता नुसती शेगडी आणून भागणार नव्हतं.

वर्षभर मी ते मनातून जाऊ दिलं नाही. काकडीचं बी मुद्दाम उशिरा टोकलं, म्हणजे मेमध्ये कोवळ्या काकड्या हाताशी राहतील. थांब्यावर पुन्हा कागद लागला, बक्षीस तेच. दादाला म्हटलं, या वेळी दोन डबे, एक घरी फोडायला आणि एक तिकडे न्यायला.

"मी मीठ नाय देनार," आई म्हणाली.

"नको देऊस. मी चाखून घालीन."

ती माझ्याकडे बघतच राहिली. दुपारची वेळ होती, बाबा झोपले होते. मी विळीवर सगळं चिरलं, डबा फोडला, चिजाचे तुकडे केले, एका वाडग्यात कालवलं आणि बोटांनी घास उचलला. तो तोंडापर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. एवढ्या तोऱ्यात बोलले होते, पण तोंड उघडेना. समोर कोनाड्यात देव होते. मला माझीच चीड आली.

आईनं ते बघितलं. पदराला हात पुसले, वाडग्यातून चिजाचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ पोटात घेऊन बसलंय हे," ती म्हणाली. "मला काय ठाव?"

मग तिनं नुसती काकडी खाल्ली. मग काकडीबरोबर चीज, मग कैरी आणि चीज. त्या दुपारी आईनं आठ-दहा वेळा चाखलं, अगदी मन लावून. शेवटी म्हणाली, तुकडे मुगाएवढे बारीक कर, म्हणजे घासाघासाला येतील. कैरी वाढव, कांदा धुऊन घे. मीठ फक्त मुगाला लाव, बाकी कशाला लावू नकोस. तिनं पुडी बांधली ती नखाएवढी होती. "आणि मी येतो संगट," असं म्हणून तिनं दांडीवरचं चांगलं लुगडं काढलं.

हॉलमध्ये ती मागच्या रांगेत, आमच्या गावच्या चार बायांच्या मध्ये बसली. परीक्षक बाई त्याच होत्या. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा घेतला. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुम्हीच होतात ना?"

"हो."

"मग या वर्षी मिठाचं प्रमाण कुणी ठरवलं?"

मी मागे बोट केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, आई नुसतं हसेल आणि खाली बघेल. पण ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि आमच्या गावच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी ठरवलं. चाखून ठरवलं." तिच्या शेजारच्या म्हातारीनं भुवया उंचावल्या. आई बसली ती ताठ बसली.

शेगडी आम्हाला मिळाली. परतीच्या गाडीत ते खोकं आमच्या दोघींच्या मांडीवर होतं आणि धसई येईपर्यंत आईनं त्याच्यावरचा हात काढला नाही. रविवारी दादानं येऊन नळी जोडली. बाबा दाराशी उभे राहून बघत होते, मग म्हणाले, "चा ठेव."

चहा झाला. संध्याकाळी आईनं तुरीची आमटी टाकली. ज्योत कमी-जास्त करताना ती सवयीनं पुढे वाकून फुंकर घालायला गेली आणि स्वतःशीच हसली. आमटीला उकळी आली. तिनं मीठ घातलं, मग पळीनं एक थेंब तळहातावर घेतला आणि कोनाड्याकडे बघत चाखला.

"देवाला खारट देन्यापरीस चाखून दिलेलं बरं," ती म्हणाली. मग दुसरा थेंब घेऊन तिनं हात माझ्यापुढे धरला. "बघ गो, बरोबर हाय का?"

आईनं मिठाबद्दल कुणाला विचारावं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. देवापुढे पान अजून गेलेलं नव्हतं. मी तिचा हात धरला, तोंडाशी नेला आणि चाखलं. या वेळी मी थांबले नाही.

"बरोबर आहे," मी म्हणाले.