मूळचा रंग

नवरा आनंदराव गेल्यावर न्हावऱ्याच्या सरूबाईंनी बारा वर्षं एकटीनं शेती ओढली. गुडघे बोलायला लागले तेव्हा रान वाट्यानं दिलं आणि आनंदरावांचा पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर विकायला काढला. यवतचे सत्यजीत जुने ट्रॅक्टर हौसेनं जमवायचे. ते येऊन बघून गेले, आठवड्यानं भाव सांगतो म्हणाले. चार पैसे जास्त यावेत म्हणून बाईंनी तेवढ्यात रंगारी बोलावला आणि ट्रॅक्टर लालभडक करून घेतला.

सत्यजीत परत आले आणि बघतच राहिले.

"मावशी, मूळचा रंग असता तर दोन लाख दिले असते. आता दीडच्या वर जमायचं न्हाई. आन् मडगार्डवर हातानं लिहिलेलं 'सरू' बी गेलं का?"

"ह्यांनीच लिहिलं व्हतं," सरूबाई हळूच म्हणाल्या. रंगाऱ्यानं तिथं ब्रश टेकला तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या, पण मनात काही आलंच नव्हतं.

"दीड बरोबर हाय. न्या तुम्ही."

ट्रॅक्टर निघायच्या आधी त्यांनी मडगार्डवर हात फिरवून पाहिला. नवा रंग गुळगुळीत होता. बोटांना खाली काहीच लागलं नाही.