पेन्सिलीतलं टिंब

नलू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वॉर्ड ऑफिसात मीटिंगला बसले होते. विषय नेहमीचाच, कमी पटाच्या शाळा. समोर यादी होती आणि यादीतल्या बहुतेक शाळांपुढे ‘समायोजन प्रस्तावित’ असं टाइप केलेलं होतं. समायोजन म्हणजे शाळा बंद करून तिची मुलं दुसऱ्या शाळेत टाकणं, पण ‘बंद’ हा शब्द आमच्यात कुणी कागदावर लिहीत नाही. टेबलाखाली फोन थरथरला. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘सोनावणेबाईंचं आज सकाळी कांजूरमार्गच्या घरी हृदयविकाराने निधन.’ खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन पालथा ठेवला आणि मीटिंग संपेपर्यंत बसून राहिले. मध्ये साहेबांनी एका शाळेचा पट विचारला, तो मी न अडखळता सांगितला. घरी आल्यावर मला स्वतःचीच किळस आली. त्याला आता सहा आठवडे झाले.

नलिनी सोनावणे आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो, भांडुप पूर्वेला कोळीवाड्याला लागून असलेल्या पालिकेच्या मराठी शाळेत. मी विलेपार्ल्यात वाढलेली. डाव्या हाताला वाळत घातलेली सुकट आणि उजव्या हाताला शाळेचं फाटक अशी ती गल्ली पाहून पहिल्याच दिवशी मी नाकाला रुमाल लावला. शेजारी चालणारी, तेलाने चापून वेणी घातलेली एक काळीसावळी मुलगी मला म्हणाली, “रुमाल खाली घे गं. पोरं बघतायत. त्यांच्या आयांच्या हाताला हाच वास असतो.” तिची-माझी ओळखसुद्धा झालेली नव्हती. मला राग आला, पण रुमाल खाली घेतला. नलूचे वडील परभणीकडून येऊन भांडुपच्या एका कारखान्यात लागले होते आणि ती स्वतः पालिकेच्याच शाळेत शिकलेली होती. मला ही नोकरी मिळाली होती, तिने ती मागून घेतली होती. हा फरक पुढे आयुष्यभर टिकला.

तिची हजेरी घ्यायची एक पद्धत होती. नियम असा की शाळा भरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हजेरीपट पेनने भरायचा. आलेल्या मुलापुढे तिरकी रेघ, न आलेल्यापुढे फुली. नलू फुली मारायचीच नाही. न आलेल्या मुलाच्या चौकटीत ती पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची आणि मधल्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन थडकायची. कुणाची आई बाजाराला गेलेली असायची म्हणून ते धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं, तर कुणाचा गणवेशच वाळलेला नसायचा. बाई दारात उभी राहिली की पोरगं मुकाट्याने दप्तर उचलायचं. मग टिंबावरून पेनची रेघ जायची. मी एकदा म्हटलं, “अगं, तपासणीत पकडतील तुला.” तर म्हणाली, “फुली मारली की आपण त्या पोराला सोडून दिलं असं वाटतं बघ मला. टिंब म्हणजे अजून यायचंय ते.” मी हसले. पण दोन वर्षांत मीही टिंबं द्यायला लागले होते.

कोळीवाड्यातल्या गावदेवीच्या जत्रेचा दुसरा दिवस ही आमची दरवर्षीची अडचण. जत्रेची सुट्टी घरोघर ठरलेली, पण शाळेला नसायची. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी घरं भरलेली, चुलीवर मटण, आणि वर्गात कोळ्यांचं एकही पोर नाही. त्यावरचा तोडगा माझा होता. मीच नलूला म्हटलं, “आज सगळ्यांना टिंब दे. येत्या रविवारी वर्ग घेऊ आणि हा दिवस भरून काढू.” नियमात हे कुठेच बसत नव्हतं, पण मुलांचा अभ्यास बुडत नव्हता. रविवारी मुलं यायची, झाडून सगळी. जत्रेत घेतलेल्या बांगड्या दाखवत मुली बसायच्या आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवायची. नलू सगळ्यांना सांगत सुटायची, “ही आयडिया विद्याबाईंची. डोकं चालतं हां पार्लेकरणीचं!”

अकरा वर्षांनी मी खात्याची परीक्षा देऊन अधिकारी झाले. नलूला मीच म्हटलं होतं, तूही बस परीक्षेला. ती म्हणाली, “मग टिंबं कोण देईल?” पुढे ती त्याच शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका झाली. प्रभारी म्हणजे काम मुख्याध्यापिकेचं, पद कुणाचंच नाही. नेमणूक आज होईल, उद्या होईल म्हणत वर्षं गेली. तिचे दोन शिक्षक मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलेले असायचे, तिसरा कुठल्यातरी प्रशिक्षणाला, आणि बाई एकटी चार वर्गांच्या मध्ये व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली. मुलांचे रेनकोट एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आले. तिने ते घडी घालून पुढच्या जूनपर्यंत ठेवले, आणि जूनमध्ये ते कुणालाच अंगात शिरेनात. परिपत्रकं मात्र वेळेवर यायची. वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यम सुरू झालं आणि पालकांचे पाय जिना चढू लागले. नलू मे महिन्याच्या उन्हात दारोदार फिरून पहिलीला मुलं गोळा करायची. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची. खोलीत दोघीच राहिलो की म्हणायची, “विद्ये, माझी शाळा मरतेय गं. काहीतरी कर ना.” मी करते म्हणायची. एकदा तिच्या शाळेची पडताळणी, म्हणजे न कळवता जाऊन हजर मुलं मोजणं, मी खरोखरच पुढे ढकलली, आणि तेवढ्यावरून मीटिंगमध्ये मला सर्वांसमोर ऐकावं लागलं की त्या शाळेवर तुमचं जरा जास्तच प्रेम दिसतं.

दोन वर्षांपूर्वीची ती पडताळणी. तारखा कारकुनाने लावल्या होत्या, मी खाली सही केली होती. त्या सकाळी दुसऱ्या एका अधिकाऱ्यांबरोबर मी गल्लीत शिरले आणि पाहिलं… पताका, सुकलेला झेंडू, मांडवाचे बांबू, दारादारात पाटा-वरवंटा घेऊन बसलेल्या बायका. काल जत्रा झाली होती. मला तिथेच कळलं. मी तिथून परत फिरू शकले असते. काहीही कारण देता आलं असतं. पण सोबतचे गृहस्थ घड्याळाकडे पाहत होते, आणि मीटिंगमधलं ते वाक्य माझ्या कानात होतं. मी चालत राहिले.

नलू दारातच उभी होती. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग तिला कळलं मी कशासाठी आलेय. पलीकडच्या वस्तीतली अकरा मुलं तेवढी वर्गांत होती. हजेरीपटावर बाकी सगळी टिंबं.

“मॅडम, काल जत्रा होती,” ती म्हणाली. “परवा या. परवा सगळी येतील, मी स्वतः आणते.”

“आज आलो म्हणजे आजचीच संख्या लिहावी लागेल, बाई.”

“रविवारी आली तर?”

“रविवार धरत नाहीत,” मी म्हटलं. “आणि पेन्सिल चालत नाही.”

हे मी बोलले. ज्या बाईने रविवारची युक्ती काढली होती, तिने. नलूने दोघांना चहा आणवला. मी हजेरीपटाच्या त्या पानाखाली ‘प्रत्यक्ष उपस्थित : अकरा’ असं लिहून सही केली. वरच्यांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या खूप खाली होते अकरा. सोबतचे गृहस्थ म्हणाले, “चहा छान होता हो बाई.”

आदेश मे महिन्यात निघाला, शाळेला सुट्टी असताना. ओरडायलाही कुणी जाग्यावर नव्हतं. मुलं रुळांपलीकडच्या, पश्चिमेच्या शाळेत टाकली. कागदावर अंतर काहीच नव्हतं. प्रत्यक्षात स्टेशनचा पूल, पुढे बाजार, पुढे दोन सिग्नल. लहानांना आया काही दिवस सोडायला गेल्या, मग त्यांचा धंदा बुडायला लागला. ज्यांना जमलं त्यांनी पोरं इंग्रजीत घातली. मोठ्या मुली घरी बसल्या. सातवीतली सोनल त्यातली एक, वर्गात पहिली येणारी. तिची आई भांडुपच्या बाजारात मासे विकते. नलू समजवायला गेली तेव्हा ती म्हणाली, “नाय बाई, लायनीच्या पलीकडं नाय पाठवणार. मोठी झालीय ती आता. हितं तुमची शाला होती तवा माझी ना होती का?” नलूने हे मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती स्वतः ‘अतिरिक्त’ ठरून अंधेरीच्या एका शाळेत गेली.

आमची शेवटची भेट घाटकोपरला, मेट्रोच्या जिन्यापाशी. तिला अंधेरी गाठायची होती, मला घरी मुलुंडला जायचं होतं. बारीक झाली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे सरळ पाहत विचारलं, “विद्ये, त्या दिवशी तुला आठवलं होतं ना? जत्रेचं?”

मी म्हटलं, “नाही गं. लक्षातच नाही आलं.”

तिने एवढंच म्हटलं, “बरं.” मग माझ्या गुडघ्याची चौकशी केली. आणि निघता निघता म्हणाली, “रविवारी येत जा ना कधीतरी. पाच-सहा पोरी येतात माझ्याकडे, गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर. घरी बसलेल्या. दहावीचा फॉर्म बाहेरून भरू त्यांचा पुढेमागे. गणित माझं कच्चं, तुला माहितीय. अपूर्णांक तूच चांगले शिकवायचीस.”

“येते,” मी म्हटलं.

त्यानंतरच्या एकाही रविवारी मी गेले नाही. कधी पाहुणे होते, कधी गुडघा. खरं सांगायचं तर सोनलच्या समोर बसायचं धैर्य नव्हतं. पुढच्या महिन्यात जाऊ, म्हणत राहिले… आणि पुढचा महिना असतोच असं आपल्याला वाटतं.

नलू गेल्यावर आठवड्याने, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी कांजूरमार्गला गेले. वंदना झाली, माणसं पांगली. नलूची मुलगी प्रज्ञा आतून एक लांबट रजिस्टर घेऊन आली. “आईने सांगून ठेवलं होतं, हे विद्यामावशीला द्यायचं. ऑफिसात नाही, मावशीलाच.” शाळेचा शेवटच्या वर्षाचा हजेरीपट होता तो. शाळा बंद झाली की तिची सगळी रजिस्टरं खात्याकडे जमा करावी लागतात. सगळ्या नोकरीत टाचणीसुद्धा घरी न नेलेल्या नलूने हे एकच रजिस्टर घरी ठेवलं होतं.

मी ते पान उघडलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवसाचा रकाना. माझ्या सहीच्या वेळी जिथे टिंबं होती, तिथे आता प्रत्येक चौकटीत पेनची तिरकी रेघ होती, आणि रेघेखाली टिंब अजून दिसत होतं. पुढच्या रविवारच्या कोऱ्या रकान्यात तिने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आज वर्ग घेतला. सगळी आली.’ खाली बेरीज. शाळा वाचायला पुरून उरेल एवढी. तो रविवार आला तोवर माझा अहवाल वर गेलेला होता. तिने हे मला कधी सांगितलं नाही.

पान मिटणार तेवढ्यात खाली माझी सही दिसली. सहीच्या शेजारी, मुलांच्या नावांपुढे असते तशी एक छोटी चौकट आखलेली होती. पट्टीने, नीट. चौकटीत पेन्सिलीने एक बारीक टिंब.

मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. प्रज्ञा माझ्यासाठी पाणी घेऊन आली. म्हणाली, “मावशी, त्या मुली अजून रविवारी ओट्यावर येऊन बसतात. आई गेल्याचं मी सांगून आले, तरी येतात. थोडा वेळ बसतात आणि मग उठून जातात.”

हजेरीपट माझ्या टेबलावर आहे. शेजारी पेनही आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत पाच रविवार गेले. पाचही रविवारी मी साडी नेसून तयार झाले, आणि घरीच राहिले. टिंब अजून पेन्सिलीतच आहे.