पाद्रीबाबांची जागा

अपिया शहरात गाड्यांच्या काचा दुरुस्त कराव्यात त्या पेनियामिनानेच. पण पाद्रीबाबांच्या गाडीने त्याचं डोकं फिरवलं होतं. चालकाच्या दारातल्या बटणाचा निरोप गॅरेजात बाकीच्या दारांना पोचायचा, रस्त्यावर पोचायचा नाही.

"तुझ्यासमोर ही शहाण्यासारखी वागते," पाद्रीबाबा म्हणाले. "रविवारी मात्र पांढऱ्या कपड्यांत आम्ही धूळ खातो. दुसरा मेकॅनिक बघू का?"

"देवाशप्पथ बाबा, मलाच काही कळत नाही!" पेनियामिना उघड्या दारातून वाकून बटण दाबत होता. काचा मजेत वरखाली होत होत्या.

"अरे, आत बसून बघ की."

"तुमच्या जागेवर? आई मारेल मला." पेनियामिना पन्नाशीचा आहे.

"मी सांगतोय ना, बस!"

तो अर्ध्या बुडावर टेकला आणि कोणी पाहू नये म्हणून दार ओढून घेतलं. बटण दाबलं. काचा ढिम्म. दार उघडलं, काचा हलल्या. बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटली होती आणि दार लावलं की तिची टोकं एकमेकांपासून सुटत होती.

वायर त्याने लगेच जोडली. आजवर बाहेर उभं राहून, आदराने तपासलेल्या गावच्या प्रमुखांच्या गाड्यांचं काय करायचं, ते मात्र त्याला अजून सुचलेलं नाही.