पुसट डाग कुणाचा

मॅडम संगणकाच्या पडद्यावर काळ्या कागदाचा गोल चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "मोठीला झाकलं. आता लहान बघ." कार्डशीटचे असे लहानमोठे गोल कापून त्यांनी जुन्या टिफिनच्या डब्यात ठेवले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत भर दुपारी पडदे ओढून हे चालायचं.

आकाश बघणारा माणूस म्हटला की आपल्याला तो रात्री गच्चीवर मान मोडत उभा दिसतो. मॅडम जेवण झालं की झोपायच्या. वसईत दिव्यांपुढे दिसतंय काय, असा त्यांचा रोकडा सवाल. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींचे फोटो सगळ्यांना खुले असतात. त्यांत आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणारी एखादी बटू दीर्घिका त्या शोधायच्या. तारे थोडे, तेही इतके विरळ, की फोटोत नुसतं बोट पुसल्यासारखं दिसतं. मोठीच्या झगमगाटात तेही हरवतं, म्हणून तो काळा गोल.

असा डाग दाखवला की उत्तर ठरलेलं. "धूळ असेल, बाय." आपल्याच आकाशगंगेतली धूळ मध्ये येते आणि तशीच पुसट चमकते, तिने भल्याभल्यांना फसवलंय. वर्गातल्या एकीला मोठ्या पगाराचं स्थळ आलं, तेव्हाही मॅडम म्हणाल्या, धूळ असेल, चौकशी कर. धूळच निघाली.

इतकी वर्षं शोधून त्यांना स्वतःला मात्र एकही सापडली नव्हती. काय मॅडम, मिळाली का, असं स्टाफरूममध्ये कुणी छेडलं, की घरच्या बागायतीचा दाखला द्यायच्या. केळीला घड लागेपर्यंत माणूस थांबतोच ना, म्हणायच्या.

माझे वडील मिठागरावर कामाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार. एमएस्सीच्या प्रकल्पात एका सर्पिल दीर्घिकेच्या कडेला मला डाग दिसला. मॅडमनी पाहिला.

"हा मी पूर्वीच बघून सोडलाय. धूळ."

"मला नाही वाटत, मॅडम."

"तुला वाटून काय होतं? दाखव."

धूळ असेल तर ती अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड फोटोत उजळते. त्याच जागेचा तसा फोटो शोधून मी समोर ठेवला. जागा कोरी होती. मॅडमनी काळा गोल काढला, पुन्हा लावला. मग स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. शोधनिबंध तू लिही. तुझं नाव आधी."

पुढे एका मोठ्या दुर्बिणीने तिथल्या ताऱ्यांचं अंतर मोजलं. ते त्या सर्पिल दीर्घिकेइतकंच भरलं. तिचीच सोबतीण होती ती. तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, इतकी वर्षं तुमची गेली, नाव तुमचंच पुढे हवं. मी तिथेच उभी होते.

"मी तिला धूळ म्हटलं, सर," मॅडम म्हणाल्या. "धूळ म्हणणाऱ्याचं नाव आधी लावतात का?"

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्यासाठीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर चर्चच्या आवारात त्यांचे भाऊ माझ्याजवळ आले. बागायतीतला माणूस. बहीण इतकी वर्षं काय शोधत होती ते घरात कुणाला धड कळलं नाही, म्हणाले. मग हळूच विचारलं, "सापडलं का गं तिला ते?"

निबंधावर माझं नाव आधी आहे. ते मी कमावलंय.

"सापडलं, अंकल," मी म्हटलं, आणि मोबाइलवर तो फोटो लावून त्यांच्या हातात दिला. उन्हात त्यांना काही दिसेना. मी ओढणीची सावली धरली. ते डोळे बारीक करून बघत राहिले.