आप्पारावांच्या बोअरचं पाणी

घाटनांदूरच्या पल्याड धनगरवस्तीवर पाहुण्याला पाणी मिळतं ते तांब्याच्या गडव्यातून, आणि ते असतं आप्पारावांच्या बोअरचं. अर्धा कळप विकून या गड्यानं बोअर घेतला आणि सगळ्या वस्तीला खुला केला. माणूस महाहेकट, पण पाण्याच्या बाबतीत राजा!

सून वनमालेला सहावा महिना होता. तालुक्याच्या कॉलेजातली मोहिनी पाणी तपासायचं यंत्र घेऊन आली, तेव्हा सुनेच्या काळजीनं आप्पारावच पुढं झाले.

"याला नॅनोपोअर म्हणतात," ती म्हणाली. "ह्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारं एकच भोक आहे. पाण्यातला धातू त्यातून जाताना विजेचा प्रवाह जरासा अडतो. प्रत्येक धातूचं अडणं निराळं."

"म्हंजी मेंढवाड्याच्या तोंडातून एकेक शेरडू सोडून वळखायचं की!" आप्पाराव खूश झाले आणि चिंचेनं लख्ख घासलेल्या गडव्यात पाणी घेऊन आले. यंत्रानं तांबं दाखवलं. मोहिनी हसली, "मामा, हा तर तुमचा गडवाच मोजला मी!" वस्तीही खो खो हसली.

मग तिनं थेट पाइपाखाली बाटली धरली. या वेळी ती हसली नाही. पाण्यात शिसं होतं, आणि ते सोसण्यापलीकडचं.

"त्ये बी गडव्याचंच आसंल. पुन्ना बग, बाई."

तिनं पुन्हा बघितलं. शिसंच. उकळून ते जात नाही, लेकरांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला बाधतं, हे तिनं खाली मान घालून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आप्पाराव तालुक्याला टँकर मागायला गेले. "वस्तीवर चालू बोअर आहे ना? मग टँकर कशाला?" एवढंच उत्तर मिळालं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं आडात होतं, हेच दुखणं झालं.

घरी येऊन त्यांनी, कुणी ते पाणी पिऊ नये म्हणून, बोअरच्या मोटारीची वायर काढली. सांजेला बाया घागरी घेऊन आल्या. कुणी भांडलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. लेकरं पाणी मागून रडायला लागली, तशी आप्पारावांनी वायर जोडली. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

वनमालेनं घागर भरली आणि पेला बुडवला.

"मामा, पिऊ का?"

"नगं, पोरी."

तिनं पेला खाली ठेवला आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मग काय प्यायचं, ते आप्पारावांना सांगता येईना.