मामा, पूर्ण नाव सांगा

पेणपासून रोह्यापर्यंत माझं पूर्ण नाव सर्वांत जास्त वेळा कुणी विचारलं असेल, तर ते माझ्या सख्ख्या भाचीनं. तिच्या बारशाला मी पोटभर जेवलो होतो, तिला शाळेत घालायला मीच बोट धरून नेलं होतं. पण सुट्टीत आमच्याकडे रोह्याला आली की माझी रक्तदाबाची गोळी मुठीत धरून ती समोर उभी राही. "मामा, पूर्ण नाव सांगा." "अगो, मी तुझा मामा!" "ते म्हायतीय मला. नाव सांगा." वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितल्याशिवाय गोळी हातात पडत नसे. एकदा वैतागून मी शेजाऱ्याचं नाव सांगितलं, तर तिनं शांतपणे गोळी परत डबीत टाकली आणि शेवटी मलाच मुकाट्यानं स्वतःच्या नावावर यावं लागलं.

दुसरी खोड टिचकी मारून बघण्याची. ती तिच्या घरचीच. माझी बहीण पेणजवळच्या जोह्याला दिलेली, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात. भावोजींकडे मूर्ती रंगाला जाण्याआधी प्रत्येकीवर टिचकी मारून आवाज ऐकतात. आवाज बद्द आला की कुठेतरी तडा आहे. आणि तडा ज्याला कळेल त्यानं "थांबा" म्हणायचं, मग तो कालच कामाला लागलेला का असेना. त्याच्यावर कुणी डाफरायचं नाही, हा भावोजींचा नियम. "रंग चढला का तडा दिसत नाय," एवढंच ते म्हणत. भाची या टिचक्यांतच वाढली. आमची मडकी, कलिंगडं, शेवटी माझी पाठसुद्धा तिनं वाजवून पाहिली. "मामा, बद्द येतोय आवाज," असं ती म्हणाली, तेव्हा मी आठवडाभर कुणी सांगितलेला नसताना काढा प्यायलो.

अशी ही मुलगी डॉक्टर व्हायला गेली आणि शेवटी इंटर्न म्हणून आमच्याच बाजूच्या एका दवाखान्यात आली. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना मरणाच्या दारातून परत आणलं होतं. आमच्या घरात त्यांचं नाव देवाच्या पाठोपाठ घेतलं जाई. त्याच सुमारास माझ्या हर्नियानंही मुहूर्त साधला आणि मी तिथे दाखल झालो. "ती आमची भाची हो," हे मी वॉर्डातल्या भिंतींनाही सांगून ठेवलं.

शेजारच्या खाटेवर कोलाडकडच्या एका वाडीवरचा म्हातारा होता, गोमा वाघमारे. पायाला जखम. दोन दिवस आम्ही गप्पा मारल्या. त्याची नातवंडं किती, कुठलं कुत्रं कुणाला चावलं, सगळं मला पाठ. वॉर्डात दुसरे एक वाघमारे होते, नामा. त्यांना रक्त द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नामाला खिडकीजवळ हलवलं आणि माझ्या समोरच्या त्याच्या खाटेवर गोमा आला. खाटेला अडकवलेली फाइल मात्र नामाचीच राहिली.

सकाळी मोठे डॉक्टर घाईत आले. रक्ताची पिशवी टांगली गेली. "नामा वाघमारे ना?" त्यांनी विचारलं. गोमा म्हणाला, "व्हय."

मी पाहत होतो. मला ठाऊक होतं की हा नामा नव्हे. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना ठाऊक नसेल? असेल काहीतरी, असं म्हणून मी चादर गळ्यापर्यंत ओढली.

मागून आवाज आला, "थांबा सर." भाची पुढे आली. मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गोमाजवळ वाकली. "बाबा, नाव काय तुमचं?"

"गोमा. नामा तकडं खिडकीजवल हाय."

"मग मगाशी व्हय का म्हणालात?"

"डाक्टर म्हनले ना बाय. ते काय खोटं बोलतील?"

पिशवी उतरवली गेली. मोठे डॉक्टर हलक्या आवाजात तिला म्हणाले, "तुझ्या कागदांवर सही कुणाची लागते, लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "हो सर. ते बाबा गेले असते, सर."

दुपारी ती माझ्या खाटेशी आली ती एक अर्ज घेऊन. काय घडलं ते त्यात सरळ लिहिलं होतं, आणि यापुढे पेशंटला नाव सांगू नये, विचारावं, एवढीच मागणी. साक्षीदार म्हणून तिला माझी सही हवी होती. माझं ऑपरेशन दोन दिवसांवर, करणारे तेच डॉक्टर. मी म्हणालो, "रक्त चढलं नाही ना? मग झालं तर! तुझं ठीक आहे गो, पोट माझं फाडणार आहेत."

"पुढच्या वेळी मी नसेन तिथे, मामा." मग अगदी साध्या आवाजात, "तुम्हाला गोमाबाबांचं नाव म्हाईत होतं ना?"

एवढं बद्द माझ्या आत कधी वाजलं नव्हतं. मी मान डोलावली. तिनं पेन उघडलं. "मामा, पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं, आडनावासकट, आणि सही केली.

ऑपरेशनच्या टेबलावर मोठे डॉक्टर माझ्यावर वाकले आणि म्हणाले, "नाव काय तुमचं?" मी घाबरून म्हणालो, "व्हय." ते "व्हय नको. नाव सांगा," म्हणाले, आणि मी सांगेपर्यंत हात बांधून उभे राहिले. त्या वॉर्डात आता प्रत्येकाला नाव विचारतात. भाचीच्या कागदांवर मात्र मोठ्या डॉक्टरांनी सही केली नाही. तिला इंटर्नशिपचे तेवढे महिने दुसरीकडे जाऊन पुन्हा काढावे लागले. तिनं ते काढले. तक्रार म्हणून एक शब्द मला ऐकवला नाही.

आता ती लांब, दुसऱ्या जिल्ह्यात असते. फोन सणासुदीला. गोळी मी माझ्या हातानंच घेतो; पण तोंडात टाकण्याआधी पूर्ण नाव म्हणतो. ही स्वयंपाकघरातून विचारते, "कुणाला सांगताय?" मी म्हणतो, "गोळीला."

आणि एखाद्या दिवशी, ही ऐकत नाही असं बघून, हळूच त्यापुढे म्हणतो, "गोमा वाघमारे."